बाण काढल्यानंतरचे काम
(जखमी पक्ष्यांची सुटका, शुश्रूषा आणि पुनर्वसन)

सिद्धार्थ आणि जखमी हंस यांची कथा आपल्या समाजातील लहान मुलालाही ठाऊक असते. बुद्धपौर्णिमेला विहारात मुले तिची नाटिका बसवतात. देवदत्ताने बाण मारला, पक्षी सिद्धार्थाजवळ येऊन पडला, सिद्धार्थाने बाण काढला, जखम बांधली, पाणी पाजले. पक्षी कोणाचा यावरून तंटा झाला, तो न्यायासाठी गेला आणि निर्णय सिद्धार्थाच्या बाजूने लागला. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही घटना घेतली आहे. नाटिका येथे संपते, टाळ्या पडतात आणि पडदाही पडतो.

परंतु त्या पक्ष्याचे पुढे काय झाले? तो किती दिवसांनी बरा झाला, त्याला काय खाऊ घातले, तो पुन्हा उडाला काय? हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. तो एका घारीने माझ्यापुढे उभा केला.

काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नागपुरातील आमच्या वस्तीतल्या कडुनिंबावर एक घार उलटी लोंबकळत होती. नायलॉन मांजा तिच्या पंखात रुतला होता. पोरांनी बांबूला आकडी बांधून तिला खाली काढले. मी तिला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून घरी आणले. जखमेत हळद भरली. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. ती म्हणाली, “बाबा, हिला भूक लागली असेल.” मी घारीची चोच उघडली आणि चमच्याने कोमट दूध पाजले. सिद्धार्थाने केले तेच आपण करीत आहोत, असे वाटून मनातून मी थोडा सुखावलोही होतो. शेजारीपाजारी बघायला आले, कोणी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रात्री दहाच्या सुमारास घार मेली.

“जखम फार मोठी होती,” असे मी मुलीला सांगितले. पुढे एका पशुवैद्यक डॉक्टरांशी बोलताना मला कळले की ते खरे नव्हते. जखम जीवघेणी नव्हती. दूध जीवघेणे होते, माझी घट्ट पकड जीवघेणी होती आणि बघ्यांची गर्दीही जीवघेणी होती. माझ्या करुणेत खोट नव्हती. तिला प्रज्ञेची जोड नव्हती, एवढेच. प्रज्ञा, शील, करुणा हे तीन शब्द आपण एका दमात उच्चारतो. त्यांतला पहिला शब्द पहिला का आहे, हे मला त्या घारीने शिकवले. तेव्हापासून या विषयाचे जे वाचले, पाहिले आणि जाणकारांना विचारले, ते सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

पक्ष्याचे शरीर आपल्यासारखे नाही

पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड त्याच्या जिभेच्या मुळाशी असते. चोच उघडून आत काहीही ओतले की ते सरळ श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. म्हणजे आपण पाणी पाजतो असे आपल्याला वाटते आणि पक्षी मात्र आपल्या हातात बुडत असतो. दूध तर पक्ष्याचे अन्नच नव्हे. दुधातील साखर पचवण्याची सोय त्याच्या शरीरात नसते.

दुसरी गोष्ट श्वासाची. आपल्या छातीखाली श्वासपटल असते, पक्ष्याला तसे नसते. त्याच्या छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते. त्याला छातीभोवती घट्ट धरले किंवा कपड्यात आवळले, तर नाकातोंडावर हात न ठेवताही त्याचा श्वास कोंडतो.

तिसरी गोष्ट भीतीची. रानातल्या पक्ष्याला माणूस हा शिकारीच वाटतो. आपण मायेने पाठीवर हात फिरवतो, तेव्हा त्याला वाटते की आता आपल्याला खाणार. जखमेपेक्षा या धसक्यानेच अनेक पक्षी मरतात. जखमी पक्षी हातात शांत बसला म्हणजे त्याला आपला विश्वास वाटला, असे नव्हे. ती शांतता बहुधा भीतीची किंवा अशक्तपणाची असते.

शिवाय पक्ष्याच्या शरीराचे तापमान आपल्याहून जास्त, साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. रक्त गेलेला पक्षी लवकर गार पडतो. त्याला अन्नाच्या आधी ऊब लागते.

पहिला तास

आपल्याला जखमी पक्षी सापडला तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. अंगावर हलका सुती कपडा टाकून, पंख अंगाशी मिटतील अशा बेताने त्याला उचलावे. घार, शिक्रा, घुबड यांच्या पायांची नखे सांभाळावीत, कारण त्यांचे शस्त्र चोचीपेक्षा पंजा हे असते. बगळ्याची चोच थेट डोळ्याकडे येते, म्हणून त्याला चेहऱ्यापासून दूर धरावे.

पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून तळाशी कापड अंथरावे, पक्षी आत ठेवावा आणि झाकण लावावे. जाळीचा पिंजरा वापरू नये, त्यात धडपडून पिसे मोडतात. खोके अंधाऱ्या, शांत व उबदार जागी ठेवावे. अंधारात पक्ष्याची धडपड थांबते. पाणी पाजू नये, अन्न भरवू नये, हळद, तेल, चुना काही लावू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने हलके दाबून धरावे. मांजा पंखात रुतला असेल तर ओढून काढू नये. दोन्ही बाजूंनी कापून अंगातला तुकडा तसाच ठेवावा, तो डॉक्टर काढतील. मुलांना आणि शेजाऱ्यांना बघायला बोलावू नये. मग वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ हा १९२६ क्रमांक त्यासाठीच आहे.

वाचताना हे अगदी साधे वाटते, पण करताना कठीण जाते. कारण यातील बहुतेक गोष्टी ‘करू नये’ अशा आहेत आणि आपल्या मनाला काहीतरी केल्याचे समाधान हवे असते.

दिल्लीचे दोन भाऊ

या कामाचा एक मोठा आदर्श आपल्या देशातच आहे. दिल्लीच्या वजिराबाद भागात नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोन भाऊ घारींवर उपचार करतात. लहानपणी त्यांना जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या रुग्णालयात नेली, तर घार मांसाहारी म्हणून तिला तेथे घेतले नाही. २००३ साली पुन्हा एक घार सापडली आणि मग हे काम त्यांच्या अंगावरच आले. २०१० साली त्यांनी ‘वाइल्डलाइफ रेस्क्यू’ ही संस्था स्थापन केली. घरचा धंदा हातधुण्याच्या साबणाची उपकरणे बनवण्याचा होता. त्याच तळघरात एका बाजूला ते काम चाले आणि दुसऱ्या बाजूला घारींचे पंख शिवले जात. दोघेही पदवीधर पशुवैद्य नव्हते. तरुणपणी व्यायामाच्या नादामुळे स्नायू आणि कंडरा यांची जी ओळख झाली होती तिच्यावर त्यांनी सुरुवात केली, पुढे पशुवैद्यकांची मदत घेतली आणि वीस हजारांहून अधिक पक्ष्यांवर उपचार केले. त्यांच्या कामावर शौनक सेन यांनी काढलेल्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटाला २०२२ साली सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत पुरस्कार मिळाला आणि २०२३ साली ऑस्करसाठी त्याला नामांकन होते.

पुरस्कारांपेक्षा मला त्यांच्या आरंभाची गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. घार काय खाते यावरून तिला दारातून परत पाठवले गेले. यात कोणा एकाला दोष देण्याचा हेतू नाही. ज्यांनी कबुतरे, पोपट यांची पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली त्यांचे काम मोठेच आहे. परंतु ‘हा काय खातो’ हे विचारून दार उघडायचे की नाही ते ठरवणे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. घार उकिरड्यावर जगते. शहराची घाण उचलून ती शहराला स्वच्छ ठेवते आणि त्याच कारणाने ती हलकी ठरते. करुणा जर खरी असेल, तर तिने जखम बघावी, ताटात काय आहे ते बघू नये.

बरे होणे म्हणजे उडणे

माणसाच्या रुग्णालयात जखम भरली की रुग्ण घरी जातो. पक्ष्याचे तसे नाही. जखम भरलेला पण उडू न शकणारा पक्षी रानात दोन दिवस जगत नाही. म्हणून उपचार केंद्रातले सर्व काम एकाच गोष्टीकडे डोळा ठेवून चालते, ती म्हणजे उड्डाण.

पक्ष्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पातळ पापुद्रा ताणलेला असतो. त्याच्या कडेतून एक कंडरा जाते, जिला आपण बोलताना नस म्हणतो. मांजा नेमका येथे कापतो. नुसती कातडी फाटली असेल आणि पक्षी वेळेवर पोचला असेल, तर टाके घालून पंख वाचतो. कंडरा तुटली किंवा कापलेला भाग वाळून काळा पडला, तर तो पक्षी पुन्हा उडण्याची आशा फार थोडी राहते. म्हणूनच ‘आज राहू दे, उद्या रविवार आहे, तेव्हा नेऊ’ या एका वाक्याने अनेक पंख गेले आहेत.

हाड मोडले असेल तर पंख मिटलेल्या स्थितीत पट्टीने बांधतात. पक्ष्यांची अनेक हाडे पोकळ आणि पातळ असतात, ती मोडतात लवकर, पण जुळतातही लवकर, साधारण तीन आठवड्यांत. मात्र पट्टी जास्त दिवस राहिली तर सांधा आखडतो. हाड जुळले आणि पंख उघडेना, असा प्रकार होतो. म्हणून मधूनमधून पट्टी सोडून पंख हळूच पसरवून पाहावा लागतो.

अन्नाचेही शास्त्र आहे. घारीला नुसते मांसाचे तुकडे दिले तर तिला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो आणि पिल्लांची हाडे वाकतात. रानात ती सावज हाडांसकट खाते, तसेच येथेही द्यावे लागते. बसायला कठीण, गुळगुळीत दांडी दिली तर तळपायाला गळू होते, म्हणून दांडीला दोर किंवा कापड गुंडाळतात. उडण्याची पिसे मुळापासून न निघता मधूनच मोडली असतील, तर ती पिसे झडून नवी येईपर्यंत महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. अशा वेळी गळून पडलेले दुसऱ्या पक्ष्याचे जुळते पीस मोडक्या पिसाच्या पोकळ दांडीत बारीक काडी घालून बसवतात. ससाणे पाळणाऱ्या लोकांची ही शेकडो वर्षांची जुनी विद्या आता उपचार केंद्रांत कामाला येते.

यानंतर पक्षी मोठ्या, लांब पिंजऱ्यात सोडला जातो. तेथे तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उडून अंगात पुन्हा बळ आणतो. दिल्लीच्या त्या भावांनी घराच्या गच्चीवर असा पिंजरा केला. पिंजरा वरून उघडला की ज्याला जमेल तो आपणहून निघून जातो आणि सुरुवातीचे काही दिवस भूक लागली तर परत येऊन खाऊनही जातो. कोणी त्याला ढकलत नाही.

या सगळ्या काळात सेवा करणाऱ्याने एक कठीण नियम पाळायचा असतो. पक्ष्याचा लळा लागू द्यायचा नाही. त्याच्याशी बोलायचे नाही, त्याला नाव ठेवून हाका मारायच्या नाहीत, हातावर बसवून फोटो काढायचा नाही. पिल्लाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. अगदी लहानपणापासून माणसाच्या हातून खाल्लेले पिल्लू माणसालाच आपले आईबाप समजते. मोठे झाल्यावर ते आपल्या जातीच्या पक्ष्यांत मिसळत नाही आणि माणसाला भीतही नाही. म्हणजे आपल्या प्रेमाने त्याचे रान कायमचे हिरावले जाते. आसक्ती ही दुःखाचे मूळ आहे, असे आपण प्रवचनात ऐकतो. येथे मात्र ती दुसऱ्याच्या दुःखाचे मूळ होते.

जमिनीवरचे प्रत्येक पिल्लू अनाथ नसते

उन्हाळ्यात विद्यार्थी मित्र मोठ्या उत्साहाने पिल्ले उचलून आणतात. त्यांतली पुष्कळशी जखमी नसतातच. अंगावर पिसे आलेली, आखूड शेपटीची पिल्ले उडायला शिकताना काही दिवस जमिनीवर, झुडपात वावरतात आणि आईबाप जवळच्या फांदीवरून त्यांना चारा आणून देतात. आपण त्या पिल्लाला ‘वाचवले’ म्हणजे त्याच्या आईबापांपासून पळवून नेले. मांजरा-कुत्र्याचे भय असेल तर पिल्लू उचलून जवळच्या उंच फांदीवर ठेवावे आणि दूर उभे राहून पाहावे. पिसे न आलेले पिल्लू पडले असेल आणि घरटे सापडत असेल तर परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही.

दुसरी समजूत घुबडाची. आमच्या बँकेच्या जुन्या दप्तरखोलीत एकदा गव्हाणी घुबड शिरले. पंखाला मार होता, कोपऱ्यात बसून फुत्कारत होते. “आधी त्या अवलक्षणाला बाहेर काढा,” असे एक-दोघे म्हणाले. काठीही आणली गेली. मी बाबासाहेबांचा अनुयायी असल्याने शकुन-अपशकुनाचा प्रश्न माझ्यापुढे नव्हता आणि या वेळी माझ्याकडे घारीने दिलेले ज्ञानही होते. संगणकाचे रिकामे खोके घेतले, भोके पाडली, वर कपडा टाकला, खोलीचा दिवा मालवला आणि वनविभागाला फोन केला. पाणी पाजले नाही, हळद लावली नाही. सुमारे तीन आठवड्यांनी संध्याकाळी त्यांच्या माणसांनी ते घुबड बँकेच्या मागच्या आवारातच सोडले, कारण निशाचर पक्ष्याला त्याच्या ओळखीच्या जागी आणि अंधार पडताना सोडावे लागते. ते कसलाही आवाज न करता गेले. ज्याने काठी आणली होती तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी म्हणाला, “दप्तरात उंदीर फार झालेत, आता तरी कमी होतील.”

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे रानपक्षी पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. पिंजऱ्यातला आपला देशी पोपटही यात येतो. वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता समजली जाते आणि असा प्राणी ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे, असे कलम ३९ मध्ये आहे. म्हणून चांगल्या हेतूनेही पक्षी घरी ठेवून घेऊ नये. आमच्या नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे वन्यजीव उपचार केंद्र आहे, ‘ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर’ या नावाने ते ओळखले जाते. त्याच्या नावातच त्याचे धोरण आहे. पक्ष्याने येथे राहायचे नाही, येथून पुढे जायचे.

जो उडू शकत नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो टाळता येणार नाही. काही पक्षी कायमचे केंद्रात राहतात. त्यांतले काही अनाथ पिल्लांना आपल्या जातीची सोबत देतात. ज्यांच्या वेदना थांबवता येत नाहीत, अशा काहींना पशुवैद्यक वेदनारहित मरण देतात. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील घेतलेल्या माणसाला हे जड जाते. येथे बाबासाहेबांनी दाखवलेला फरक मला मार्गदर्शक वाटतो. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी तथागतांनी वेगळ्या मानल्या, असे त्यांनी लिहिले आहे. हा निर्णय आपण घरी करायचा नाही, जाणकारावर सोपवायचा.

जेव्हा औषधच बाण होते

प्रज्ञेवाचून करुणा काय करते, याचे सर्वांत मोठे उदाहरण गिधाडांचे आहे. गुराला ताप किंवा सूज आली की त्याच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन देत. हेतू दयेचाच होता. पण असे गुरू मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. १९९० नंतरच्या दीड दशकात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी जवळजवळ सर्वच, हजारातील एखादे सोडून, नाहीशी झाली. २००४ साली कारण प्रसिद्ध झाले आणि २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे, बीर शिकारगाह अभयारण्याजवळ, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणा वनविभाग यांनी २००१ साली आजारी गिधाडांसाठी केंद्र काढले. पुढे तेथे गिधाडांची पैदास होऊ लागली. २०२४ साली तेथली काही गिधाडे आपल्या विदर्भात ताडोबा आणि पेंच येथे आणून, पाठीवर यंत्र बसवून मोकळी सोडण्यात आली.

गिधाडाविषयी आपल्या समाजाने थोडे अधिक आपुलकीने बोलावे असे मला वाटते. मेलेली ढोरे ओढण्याच्या कामाला ज्या आपल्या आजे-पणजांना जुंपले होते, त्यांच्या सोबतीला गावाबाहेर तोच एक पक्षी होता. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत मांस सोडण्याचा संदेश दिला, आपण ते सोडले आणि माणूस म्हणून उभे राहिलो. गिधाडाला मात्र दुसरा मार्ग नव्हता. त्याने आपले काम इमाने केले आणि आपण सर्वांनी मिळून त्याला विष दिले.

देवटेकची शिळा

ही जबाबदारी आपल्याला परकी नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केल्याचे सांगितले आहे. पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी, मारू नयेत अशा प्राण्यांची यादीच दिली आहे. त्या यादीच्या आरंभीच पोपट, मैना, चक्रवाक, हंस हे पक्षी येतात. आणि हे केवळ दूर उत्तरेत घडले असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे सापडलेल्या शिळेवर प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी प्राचीन ब्राह्मी लिपीतील राजाज्ञा आहे. ती अशोकाच्या धर्ममहामात्राची असावी, असे विद्वान संशोधक डॉ. वा. वि. मिराशी यांचे मत होते. ही शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात ठेवलेली आहे. विद्यार्थ्यांनी ती एकदा जाऊन पाहावी.

आपल्या हातातली चक्री

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग. जखमी पक्ष्याची शुश्रूषा करणारे थोडे आहेत. बाण मारणारे मात्र आपण सर्व आहोत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन व तत्सम मांजावर देशभर बंदी घातली. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही संक्रांतीला गच्च्यागच्च्यांवरून ‘ओ काट’ची आरोळी उठते तेव्हा चक्रीवर काय गुंडाळले आहे, हे आपल्याला माहीत असते. सुती दोरा पावसात कुजतो. नायलॉन कुजत नाही. जानेवारीत कटलेल्या पतंगाचा दोर झाडावर महिनोन्‌महिने राहतो आणि सण विसरला गेल्यावर वटवाघूळ, घुबड, बगळा त्यात अडकत राहतात. माणसांचेही गळे त्याने कापले आहेत.

आपल्या मंडळाने पुढील संक्रांतीपासून तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. वस्तीतील एकाही घरात नायलॉन मांजा येणार नाही, असा ठराव करावा. १६ जानेवारीला युवक शाखेने बांबू घेऊन झाडांवरचा, तारांपासून दूर असलेला मांजा काढावा आणि विजेच्या तारांवरचा काढण्यासाठी वीज कंपनीला कळवावे. आणि विहाराच्या कपाटात एक भोके पाडलेले खोके, एक सुती कपडा आणि १९२६ हा क्रमांक लिहिलेली पाटी कायम ठेवावी. उन्हाळ्यात विहाराच्या आवारात पाण्याची उथळ परळे ठेवून ती रोज घासली, तर उन्हाने पक्षी पडण्याची वेळही पुष्कळदा टळेल.

बाबासाहेबांनी लिहिले आहे की करुणा ही माणसांपुरती असते, तथागतांनी तिच्या पुढे जाऊन मैत्री शिकवली, ती सर्व प्राणिमात्रांसाठी. ‘पक्षी माझा’ असे देवदत्त म्हणाला, ‘माझा’ असे सिद्धार्थही म्हणाला आणि न्याय वाचवणाऱ्याच्या बाजूने लागला, हे योग्यच झाले. पण मला वाटते, त्या नाटिकेला आणखी एक प्रवेश हवा. त्यात सिद्धार्थ कित्येक दिवसांनी बागेत उभा आहे, हात मोकळे आहेत आणि पक्षी त्याचाही नाही. येत्या बुद्धपौर्णिमेला मुलांनी तो प्रवेश बसवावा. माझी मुलगी आता महाविद्यालयात आहे. तो लिहून देण्याचे तिने कबूल केले आहे. त्या घारीला दूध मी पाजले होते, हे मी तिला गेल्या वर्षी सांगितले.